दोन दारांचं न्हाणीघर

माथेरानमधल्या जुन्या हॉटेलांतली बरीचशी मुळात हॉटेलं नव्हतीच. ते कुणाचे तरी उन्हाळी बंगले होते. मालक बदलले, वारस पांगले, एवढा पसारा सांभाळणं परवडेना, तेव्हा खोल्यांना नंबर पडले आणि जेवणघरात जास्तीची टेबलं आली. त्यामुळे इथे मुक्कामाला आलेला माणूस हॉटेलात कमी आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरात जास्त राहतो. घराएवढाच लांब व्हरांडा, जेवणाच्या ठरलेल्या वेळा, मुख्य इमारतीपासून फटकून असलेलं स्वयंपाकघर, मागच्या बाजूला उघडणारं न्हाणीघराचं दुसरं दार या गोष्टींची आज पाहुण्याला गंमत वाटते. बांधणाऱ्याच्या लेखी ती रोजच्या कामाची सोय होती. दिवसभर राबणारी माणसं मुबलक आणि स्वस्त मिळतील, हा हिशोब त्या सोयीच्या मुळाशी होता. तो हिशोब लक्षात ठेवला की अशा हॉटेलातला एकेक कोपरा उलगडत जातो.

माथेरानचा ‘शोध’ १८५० साली लागला, असं सांगायची पद्धत आहे. धनगर, ठाकर आणि कातकरी डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून वावरत होते, माथ्यावरचं रान म्हणून त्याला नावही होतं. तेव्हा शोध हा शब्द जपूनच घ्यावा लागतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा त्या वर्षी मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्काम होता. तिथून ते डोंगर चढून वर आले, दाट सावली आणि गार वारा पाहून खूश झाले, आणि काही महिन्यांनी पुन्हा येऊन त्यांनी राहण्याची सोय केली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मनावर घेतलं. रस्ते आखले गेले, बंगल्यांसाठी जागा ठरल्या, गव्हर्नरांचं स्वतःचं घर उभं राहिलं. १८५६ मध्ये रेल्वे नेरळच्या पुढे गेली आणि मुंबईकराला हा डोंगर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आला. बार हाऊस हा इथल्या सर्वांत जुन्या बंगल्यांपैकी एक. तो १८५२चा मानला जातो, आणि आज त्याचं हेरिटेज हॉटेल झालेलं आहे.

हे सगळं हवेसाठी चाललं होतं. मलेरिया डासामुळे होतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवून दिलं. तोवर डॉक्टरांची समजूत अशी की सखल, दमट, कुजकट हवेतून ताप येतो. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’ असा. तापातून उठलेल्या सोल्जराला, बाळंतिणीला आणि मुलांना डोंगरावर पाठवणं हा त्यावरचा इलाज. सिमला, मसुरी, दार्जिलिंग, उटी ही गावं याच समजुतीतून वाढली. महाबळेश्वरसाठी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी गावाची अदलाबदल केली, तीही १८२९ मध्ये, म्हणजे माथेरानच्या वीस वर्षं आधी. कारण चुकीचं निघालं, तरी उंचावर डास कमी असल्यामुळे उपाय बऱ्यापैकी लागू पडला.

माथेरानची उंची मात्र जेमतेम ८०० मीटर. मुंबईपेक्षा चार-पाच अंशांनी गार, एवढंच. त्यामुळे हिमालयातल्या हॉटेलांत जी मुख्य गोष्ट असते, ती इथे जवळजवळ नाहीच: शेकोटी. दार्जिलिंगचं विंडामियर हे चहाच्या मळ्यांवरच्या सड्या इंग्रजांसाठी चालवलेल्या बोर्डिंग हाऊसमधून १९३९च्या सुमारास हॉटेल झालं. तिथे खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची आणि रात्री पांघरुणाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची, हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला. अशा घराचा जीव आतल्या खोलीत, विस्तवाभोवती असतो. माथेरानच्या घराचा जीव बाहेर, व्हरांड्यात.

बंगला आणि व्हरांडा हे दोन्ही शब्द इंग्रजीत हिंदुस्थानातूनच गेले. इमारतही तशीच मिश्र. जोतं जांभ्याचं, तांबडा सच्छिद्र दगड इथे पायाखालीच सापडतो, तो खणून काढला की मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो. भिंती जाड, आढं उंच, छताखाली गरम हवा निसटायला झरोके. सुरुवातीची छपरं गवती होती, पुढे कौलं आणि पत्रे आले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा घरांना चापट, खाचांची कौलं सहज मिळू लागली. आणि घराला तीन-चार बाजूंनी वेढणारा दहा-बारा फूट रुंद व्हरांडा. उन्हाची तिरीप भिंतीवर पडू नये आणि पावसाची झड खोलीत येऊ नये ही त्याची दोन कामं. दिवसातला बहुतेक वेळ माणसं इथेच काढत, म्हणून सगळ्यात चांगलं सामान खोलीत न ठेवता इथे मांडलेलं असतं.

त्यातली लांब हातांची आरामखुर्ची नीट पाहण्यासारखी आहे. बैठक वेताची, पाठ मागे कललेली, आणि लाकडी हात गुडघ्यांच्याही पुढे जातील एवढे लांब. काही खुर्च्यांत या हातांखाली आणखी एक पट्टी दडवलेली असते. ती फिरवून पुढे ओढायची आणि दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून पडायचं. दिसायला हे अघळपघळ वाटतं, पण घोड्यावरून रपेट करून आलेल्या माणसाचे बूट दुसऱ्याने ओढून काढायला ती उंची अगदी बरोबर. खुर्चीत बसणारा एक आणि खाली बसून बूट काढणारा दुसरा, असे दोघे धरूनच ती बेतली होती. जुन्या हॉटेलात ही खुर्ची बहुधा व्हरांड्याच्या टोकाला असते आणि दुपारी तिच्यावरून पाहुण्यांच्या मुलांमध्ये भांडणं होतात.

खोलीमागचं न्हाणीघर ही या मांडणीची गुरुकिल्ली. त्याला एक दार झोपायच्या खोलीतून आणि दुसरं थेट बाहेर, दोन-तीन पायऱ्या उतरून मागच्या अंगणात. नळ येण्यापूर्वी बंबात तापवलेलं पाणी डब्यांनी भरून पाणक्या मागच्या दाराने येई आणि पत्र्याच्या टबात ओते. अंघोळ झाली की टब तिथेच कलंडायचा. कोपऱ्यातल्या मोरीतून पाणी भिंतीच्या भोकावाटे बाहेर जाई. कमोडचं भांडं उचलून नेणारा माणूसही याच दाराने येई-जाई, आणि त्या काळच्या जातिव्यवस्थेने हे काम ज्यांच्या माथी मारलं होतं, त्यांनी घराच्या पुढच्या भागात पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. घर स्वच्छ राहायचं, पण स्वच्छ करणारा दिसायचा नाही. आज नळ आले, गिझर आले, फ्लश आले. मागचं दार कुठे कुलूपबंद आहे, कुठे त्याला कपाट लावलंय, कुठे त्याच्या जागी खिडकी केली आहे. नव्या टाइल्समध्ये चौकटीचा जुना उंबरा मात्र अजून कुठे कुठे सापडतो.

स्वयंपाकघर वेगळं आणि लांब असण्याची कारणं तीन: आग, धूर आणि वास. लाकडांवर शिजायचं, वर गवताचं छप्पर, तेव्हा चुलीची ठिणगी मुख्य घरापासून दूर असलेली बरी. मधल्या अंतरात जेवण निवायचं, म्हणून जेवणघराला लागून छोटी खोली असे. तिथे पदार्थ पुन्हा गरम करून ताटल्या भरल्या जात. नोकरांच्या खोल्या त्याहीपलीकडे, झाडीत. एखाद्या जुन्या आवाराचा नकाशा काढला तर मधलं घर लहान आणि मागचा पसारा मोठा असं चित्र दिसतं. आता त्या मागच्या ओळीतच ‘कॉटेज’ किंवा ‘गार्डन रूम’ असं नाव लावून पाहुण्यांना उतरवतात. जुन्या घरात राहायचं म्हणून आलेल्या माणसाला जुन्या घरामागच्या चाळीत जागा मिळते, असं होऊ शकतं. बुकिंग करताना खोली मूळ बंगल्यात आहे की आवारात, हे स्पष्ट विचारून घेतलेलं बरं.

सुरुवातीचे पाहुणे युरोपीय अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. पण मुंबई जवळ होती आणि मुंबईत पैसा नुसता इंग्रजांकडेच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी, बोहरी, खोजा आणि गुजराती व्यापाऱ्यांनी इथे बंगले घेतले, बांधले. माथेरानला गावपण आलं ते या मंडळींमुळे. हिमालयातल्या काही ठिकाणी हिंदी माणसाला क्लबाच्या दारातून आत घेत नसत, पण हॉटेलचा हिशोब निराळा असतो: बिल भरणारा तो पाहुणा. १९२० साली जवाहरलाल नेहरू आजारी आई आणि पत्नीला घेऊन मसुरीच्या सव्हॉय हॉटेलात राहिले होते. १९०२ मध्ये सुरू झालेलं ते अवाढव्य हॉटेल, आणि नेमकं तिथेच इंग्रजांशी तहाची बोलणी करायला आलेलं अफगाण शिष्टमंडळही उतरलेलं. शिष्टमंडळाशी संबंध ठेवणार नाही, असं लिहून द्या, अशी मागणी सरकारने केली. नेहरूंनी नकार दिला आणि त्यांना जिल्हा सोडावा लागला. अलाहाबादला परतल्यावर त्यांची प्रतापगडच्या शेतकऱ्यांशी गाठ पडली आणि खेड्यांतला हिंदुस्थान त्यांना प्रथमच जवळून दिसला. हॉटेलच्या खोलीवरून निघालेली एवढी मोठी वाट दुसरी क्वचितच सापडेल.

माथेरानलाही बंगल्यांपलीकडचं एक गाव होतं: बाजारपेठेतलं, हमालांचं, घोडेवाल्यांचं, न्हाव्या-धोब्यांचं. भाई कोतवाल याच गावचे. १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता या त्यांच्या भूमिगत गटाने मुंबईला वीज पुरवणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते हुतात्मा झाले. व्हरांड्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगांची नावं सांगताना पाहुण्याला ही माहितीही सांगितली तर बिघडणार नाही.

मुक्कामाची सुरुवात आजही सामान वर कसं न्यायचं या प्रश्नाने होते, कारण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. देशात मोटारमुक्त राहिलेलं असं गाव विरळाच. पूर्वी नेरळला उतरून घोडा, पालखी किंवा पायवाट. त्यावर मुंबईचे बोहरी व्यापारी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने तोडगा काढला. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून वरपर्यंत दोन फुटी रुळांची गाडी आणली. खर्च १६ लाख रुपये, तोही घरचा. मार्ग सुमारे २० किलोमीटरचा, चढ वीसास एक, बोगदा फक्त एक. बाकी सगळा डोंगर वळणं घेत घेत चढायचा. २६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. खालून वर यायला गाडीला दोन तासांहून अधिक लागतात. घाईतला माणूस टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत येतो. तिथे नगरपालिकेचा प्रवेशकर भरायचा आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालायचं, घोड्यावर बसायचं किंवा जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी पकडायची.

दस्तुरीला सामान बांधताना बघावं. दोन बॅगा सारख्या वजनाच्या निवडून त्यांचे बंद एकमेकांत अडकवतात आणि घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सोडतात. तिसरी हलकी बॅग मध्ये. चाकांच्या बॅगेची चाकं इथे शोभेची. हमाल तीच बॅग डोक्यावर घेतो आणि पाहुण्याच्या आधी हॉटेलात पोचलेला असतो. पायाखालची माती जांभ्याची, तांबडी, इतकी बारीक की उन्हाळ्यात पांढऱ्या बुटांचा रंग हॉटेलच्या फाटकापर्यंत विटकरी होतो. गावातल्या प्रत्येक वस्तूने अशीच वाट कापलेली असते. गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, पाण्याची बाटली, गादी, सिमेंट: सगळं घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा डोक्यावरून. माथेरानमध्ये चहा महाग का, हे विचारणाऱ्याने एकदा मोकळ्या हातांनी तरी तो रस्ता चढून पाहावा.

या रस्त्यावरची हातरिक्षा अनेक वर्षं माथेरानची ओळख होती. पुढे एक जण ओढणारा, चढावर मागून एक-दोघे ढकलणारे, आणि आत बसलेला पाहुणा. २०२२च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. रिक्षा ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावं, असंही म्हटलं. घोडेवाल्यांना ई-रिक्षा नको होत्या, कारण त्यांचं पोट घोड्यांवर. वृद्धांना आणि शाळकरी मुलांना त्या हव्या होत्या. शांततेसाठी मोटारी नकोत असं म्हणणारा पाहुणा मात्र बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर सामान देऊनच शांतता अनुभवत आलेला आहे. न्हाणीघराच्या मागच्या दाराचीच ही रस्त्यावरची आवृत्ती.

हॉटेलातला दिवस जेवणावर बांधलेला असतो. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच हॉटेलांत आजही खोलीचा दर खाण्यासकट सांगतात. ही रीत इंग्रजी बोर्डिंग हाऊसांची. गावात खाणावळी नव्हत्या, शिधा खालून मागवायचा, तेव्हा किती तोंडं जेवणार हे आदल्या दिवशी माहीत असणं गरजेचं होतं. त्या काळी पहाटेच्या चहा-बिस्किटाला ‘छोटी हाजरी’ म्हणत, मग भरपेट न्याहारी, दुपारी टिफिन, चारला चहा आणि रात्री डिनर. पाहुणा अंथरूण बिस्तरबंदात गुंडाळून स्वतःचं आणी, आणि खिदमतीला नोकरही स्वतःचा. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं तसा सल्लाच देत.

इंग्रज गेले, वेळा राहिल्या, फक्त पदार्थ बदलले. मुंबईतल्या युरोपीय आणि पारशी घरांतल्या स्वयंपाकघरांत गोव्याच्या कुकांचा मोठा हात होता, आणि त्यांच्या हातची कटलेटं, रोस्ट आणि कॅरमल कस्टर्ड डोंगरावरही आली. पारशी मालकांच्या हॉटेलांत त्यात आकुरी, सल्ली बोटी, पात्रानी मच्छी आणि धानसाकची भर पडली. धानसाक खायचा तो दुपारी, आणि नंतर व्हरांड्यात पडायचं. त्यानंतर पॉइंट बघायला जाण्याचे बेत सहसा पार पडत नाहीत. गुजराती आणि जैन पाहुण्यांसाठी निव्वळ शाकाहारी हॉटेलं निघाली, तीही काही जुन्या बंगल्यांतच. एकाच रस्त्यावर एका फाटकातून खिमा आणि शेजारच्या फाटकातून उंधियूचा वास यावा, हे माथेरानचं खरं मिश्रण आहे. नुसत्या इंग्रजी आठवणींवर हे गाव जगलेलं नाही.

जेवणाची वेळ टळली तर स्वयंपाकघर बंद, हे आजच्या पाहुण्याला जाचतं. त्याचं कारणही मागच्या पसाऱ्यात आहे. पूर्वी आवारात चोवीस तास माणसं असत. आता हंगामापुरते कामगार येतात, कमी माणसांत तेवढंच काम उरकतात. खोल्या पूर्वी चार-सहा होत्या, आता आवारात वीस-तीस. जुनं हॉटेल चालवणाऱ्याची खरी कसरत ही की, दहा नोकर गृहीत धरून बांधलेलं घर तिघा-चौघांत चालवायचं.

खोलीत उतरलेल्या पाहुण्याने काही गोष्टी धरून चालाव्यात. उंच आढ्याच्या खोलीत दिव्याचा उजेड कमी पडतो. लाकडी तक्तपोशीवर रात्री घुशी-उंदरांची खुडबुड नाहीतर पानांची सळसळ ऐकू येते. भिंती जाड असल्या तरी दोन खोल्यांमधल्या दारांना फटी असतात, कारण त्या खोल्या एकाच कुटुंबाच्या होत्या आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं कुणी चोरून ऐकेल, हा प्रश्नच नव्हता. वीज गेली तर टॉर्च हाताशी असावी. खिडकी उघडी टाकून जेवायला गेलं तर माकडं आत येतात; ती आधी बिस्किटांचा पुडा आणि मग टूथपेस्ट उचलतात, हा इथला ठरलेला क्रम. नशीब चांगलं असेल तर सकाळी व्हरांड्यासमोरच्या झाडावर शेकरू दिसतो, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तपकिरी-तांबूस, मांजराएवढा. रात्री आकाश निवळ असलं की पश्चिमेच्या कड्यावरून पनवेल-मुंबईकडच्या दिव्यांचा पट्टा दिसतो. इतक्या जवळ, आणि तरीही मोटारीचा एकसुद्धा हॉर्न नाही.

हेरिटेज हा शब्द पाटीवर लिहायला कुणाची ना नसते. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या वर्गीकरणात मात्र त्याला अटी आहेत: इमारत १९५० पूर्वीची हवी, निम्मं तरी बांधकाम त्या काळातलं हवं, आणि दर्शनी रूप मूळचं राहिलेलं हवं. माथेरानवर त्याखेरीज आणखी एक बंधन आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर, सुमारे २१५ चौरस किलोमीटर, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाड तोडणं, नवं बांधणं, उंची वाढवणं यांवर मर्यादा आल्या, आणि जुन्या इमारती-परिसरांच्या जपणुकीचाही त्यात विचार झाला. काही मालकांना हा जाच वाटतो, कारण वाळवी लागलेला वासा बदलायलाही कागद फिरवावे लागतात. पण लोणावळ्याच्या टेकड्यांवर बांधकामांनी काय झालं ते पाहिलं की या जाचामुळेच बंगले आणि त्यांभोवतालची झाडं शिल्लक राहिली, हे मान्य करावं लागतं. बहुतेक जागा सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. त्यामुळे तुकडे पाडून विकणं आधीपासूनच सोपं नव्हतं.

या इमारतींचा खरा शत्रू पाऊस. माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचे पाहुणे डोंगर उतरू लागतात तशी हॉटेलची आवराआवर सुरू होते. छपरावर चढून फुटकी कौलं बदलायची, पागोळ्यांच्या पन्हळींतला पाचोळा काढायचा, व्हरांड्याच्या उघड्या बाजूंना आडोसा बांधायचा. पूर्वी हे आडोसे गवताच्या तट्ट्यांचे असत, आता बहुतेक ठिकाणी निळं प्लास्टिक. गाद्या गुंडाळून उंचावर, वेताच्या खुर्च्या आतल्या खोलीत, आरशांवर चादरी. कपाटांची दारं उघडी ठेवतात, नाहीतर बुरशी धरते. अलीकडे पावसाळी सहलीला तरुण मुलं येतात, म्हणून काही हॉटेलं चालू राहतात. पण नेरळहून येणारी गाडी त्या महिन्यांत बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल धावतं. बंद हॉटेलाच्या आवारात एक-दोन माणसं राखणीला उरतात. धुकं व्हरांड्यात शिरून बसलेलं असतं, आणि कुठल्या खोलीत गळतंय ते बघायला पातेली मांडत ती फिरतात. दसऱ्याच्या आसपास प्लास्टिक सुटतं, गाद्या उन्हात पडतात, आणि रूळ तपासून झाले की नेरळची गाडी पुन्हा वर येऊ लागते.